समुद्राचे प्रवाह नक्की चालवतं कोण? वारा, थंड पाणी की पृथ्वीचं फिरणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या पुस्तकात सागरी प्रवाहांची कारणं एका ओळीत दिलेली असतात, वारे, तापमान, क्षारता, पृथ्वीचं परिवलन, पण यातलं खरं चालवणारं कोण ते कुठेच नीट सांगत नाहीत. आणि त्यालाच जोडून दुसरा प्रश्न, की ग्रीनलंडचा बर्फ असाच वितळत राहिला तर गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून उत्तरेकडे जाणारा अटलांटिकमधला गरम प्रवाह, बंद पडेल का?

मी बरीच वर्षं समुद्रविज्ञानातच काम करतोय, निम्मा वेळ जहाजावर मोजमापं घेण्यात गेला आणि निम्मा त्या आकड्यांचा अर्थ लावण्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. पृथ्वीचं फिरणं कुठलाच प्रवाह थेट चालवत नाही, ते फक्त वळवतं. थंड आणि खारट पाणी कुठे बुडणार हे घनतेवर ठरतं, पण बुडालेलं पाणी परत वर आणायची ताकद त्या थंडीत नसते. ती ताकद येते वाऱ्याकडून आणि भरती-ओहोटीकडून, म्हणजे शेवटी सूर्याकडून आणि चंद्राकडून. चंद्राचं नाव ऐकून पुष्कळ जण दचकतात, विद्यार्थी तर हमखास, म्हणून तो भाग खाली नीट उलगडून सांगतो.

आधी परिवलनाचा गैरसमज काढून टाकू. बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, पाणी मागे राहतं, म्हणून विषुववृत्ताजवळचे प्रवाह पश्चिमेकडे वाहतात. हे साफ चूक आहे. समुद्राचं पाणी पृथ्वीबरोबरच फिरतंय, अब्जावधी वर्षं फिरतंय, ते मागे वगैरे काही राहत नाही. ते प्रवाह पश्चिमेकडे जातात कारण वरून व्यापारी वारे त्या दिशेने वाहतात. फिरण्यामुळे जो परिणाम होतो त्याला कोरिऑलिस म्हणतात आणि तो हलणाऱ्या पाण्याला उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळवतो. हे बल कायम हालचालीला काटकोनात असतं, आणि काटकोनातल्या बलाने वस्तूची दिशा बदलते, ऊर्जा वाढत नाही. म्हणजे पाणी आधी कोणीतरी हलवायला लागतं, मग कोरिऑलिस त्याला वळवणार. स्थिर पाण्यावर त्याचा परिणाम शून्य आणि अगदी विषुववृत्तावर तर आडव्या हालचालीवरही शून्यच.

पण वळवणं म्हणजे किरकोळ गोष्ट समजू नका, सगळा नकाशा त्यानेच बदलतो. १८९३ मध्ये नॉर्वेच्या नान्सेन या शोधकाने आपलं फ्राम नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतलं आणि ते जवळपास तीन वर्षं बर्फाबरोबर वाहत राहिलं. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाहीये, वाऱ्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश कलून जातोय. परत आल्यावर हा प्रश्न व्हागन एकमन या तरुणाकडे गेला आणि त्याने १९०५ मध्ये त्याचं गणित छापलं. वारा वरच्या पाण्याला ढकलतो, ते थोडं उजवीकडे वळतं, ते पाणी खालच्या थराला ओढतं, तो अजून थोडा वळतो आणि हळू होतो, असं करत करत पन्नास-शंभर मीटर खाली गेल्यावर वाऱ्याचा जोर संपतो. आणि या सगळ्या थरांची बेरीज केली तर एकूण पाणी वाऱ्याच्या दिशेने जातच नाही, ते जातं बरोबर काटकोनात, उत्तर गोलार्धात उजवीकडे. पहिल्यांदा हे ऐकलं की विश्वास बसत नाही पण मोजमापांत ते दिसलेलं आहे. किनाऱ्याला समांतर, योग्य दिशेने वारा वाहिला तर किनाऱ्याजवळचं पाणी आत खोल समुद्राकडे जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया, सोमालिया या किनाऱ्यांवर एवढे मासे का मिळतात त्याचं कारण हेच.

आता उत्तर अटलांटिकचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दक्षिणेला व्यापारी वारे पश्चिमेकडे जाणारे, उत्तरेला पश्चिमी वारे पूर्वेकडे जाणारे. दोघांच्या उजवीकडे पाणी सरकलं की मधल्या पट्ट्यात ते गोळा होतं, आणि समुद्राचा पृष्ठभाग तिथे खरोखर फुगतो. फुगवटा किती, तर गल्फ स्ट्रीमच्या दोन्ही बाजूंच्या पातळीत साधारण एक मीटरचा फरक. साध्या डोळ्यांनी दिसणं शक्यच नाही, पण १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेल्यापासून रडारने ही उंची काही सेंटीमीटरच्या अचूकतेने मोजली जाते.

पाणी या उंचवट्यावरून सरळ खाली उतरायला बघतं, पण उतरताना उजवीकडे वळतं, आणि शेवटी उताराचा जोर आणि कोरिऑलिसचा जोर एकमेकांना तोलतात तेव्हा ते उंचवट्याभोवती गोल वाहायला लागतं. हिशेब करून बघा, कागद-पेन्सिलीने होतो. गल्फ स्ट्रीमची रुंदी धरा १०० किलोमीटर आणि त्यावर एक मीटर चढ, म्हणजे लाखात एक एवढा उतार. त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने गुणा आणि मध्य अक्षांशावरच्या कोरिऑलिसच्या आकड्याने भागा, तो साधारण ०.०००१ असतो. उत्तर येतं सेकंदाला एक मीटर. आणि प्रत्यक्ष मोजलं तरी त्या प्रवाहाचा सरासरी वेग याच घरात येतो, मधोमध तो दोन मीटरपर्यंत जातो. एवढ्याशा उतारावर एवढी प्रचंड गोष्ट चालते हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग पुढचा प्रश्न असा की फुगवट्याभोवती पाणी गोल फिरतं तर मग ते सगळीकडे सारखं का नाही फिरत, महासागराच्या पश्चिमेच्या किनाऱ्यालाच गल्फ स्ट्रीम, जपानजवळचा कुरोशिओ, दक्षिण आफ्रिकेजवळचा अगुल्हास असे अरुंद आणि जोरदार प्रवाह का, आणि पूर्वेच्या बाजूला मात्र हजारो किलोमीटर पसरलेला मंद प्रवाह का? याचं उत्तर हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एका छोट्या लेखात दिलं आणि माझ्या मते या विषयातला तो सगळ्यात देखणा लेख आहे. त्याने एक चौकोनी समुद्र घेतला, वर वारा लावला आणि दोनदा गणित केलं. एकदा कोरिऑलिसचा जोर सगळीकडे सारखा धरून, तर चक्र अगदी दोन्ही बाजूंना सारखं आलं. दुसऱ्यांदा जोर उत्तरेकडे वाढत जातो असं धरून, जसा तो गोल पृथ्वीवर खरंच वाढतो, आणि लगेच सगळा प्रवाह पश्चिमेच्या भिंतीला चिकटला. वारा त्या पाण्यात सतत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गरगर भरत असतो, ती कुठेतरी काढून टाकावी लागते नाहीतर चक्र वेगाने वाढतच जाईल, आणि पाणी उत्तरेकडे परत जाताना पश्चिमेच्या किनाऱ्याला घासलं तरच त्या घर्षणाने उलटी गरगर मिळते, पूर्वेच्या किनाऱ्याला घासलं तर आहे त्यातच भर पडते. म्हणून परतीचा रस्ता पश्चिमेलाच. दक्षिण गोलार्धात सगळ्या दिशा उलट होतात तरी निष्कर्ष पश्चिम किनारा हाच येतो.

वारा हाच चालक आहे याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा हिंदी महासागरात आहे. सोमालियाच्या किनाऱ्याजवळचा प्रवाह जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत उत्तरेकडे धावतो, सेकंदाला दोन मीटरच्याही वर, आणि हिवाळ्यात वारे ईशान्येचे झाले की तोच प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. गल्फ स्ट्रीमच्या तोडीचा प्रवाह दरवर्षी दिशा बदलतो. पृथ्वी तीच, फिरणं तेच, किनारा तोच, बदलला फक्त वारा.

एकक एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. समुद्रप्रवाह स्वेर्ड्रुपमध्ये मोजतात, एक स्वेर्ड्रुप म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून साधारण एक-सव्वा स्वेर्ड्रुप पाणी समुद्रात टाकतात. गल्फ स्ट्रीम फ्लोरिडाजवळ ३० च्या आसपास असतो आणि पुढे न्यूफाउंडलंडकडे जाता जाता १५० पर्यंत वाढतो. अंटार्क्टिकाभोवतीचा प्रवाह १३५ ते १७५, जगातला सगळ्यात मोठा.

इथवर गोष्ट वरच्या काहीशे मीटरची, फार तर हजार-दीड हजार मीटरची. आता खोल पाण्याकडे येऊ, कारण गैरसमज जास्त तिथेच आहेत.

विषुववृत्ताजवळ जहाज थांबवून सीटीडी खाली सोडला, म्हणजे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र केबलला बांधून विंचने सोडतात ते, की स्क्रीनवर आकडे कसे उतरतात बघा. वर २८-२९ अंश. शंभर मीटर ओलांडले की तापमान धाडकन पडायला लागतं, हजार मीटरवर सहा-सात, चार हजार मीटरवर दीड-दोन. यंत्र वर आलं की बाटलीतलं तळाचं पाणी हातावर घ्या, भर उन्हात डेकवर उभे असताना बोटं बधिर होतात. त्या जागी दोन अंशाचं पाणी तयार होणं शक्यच नाही, म्हणजे ते ध्रुवाकडून आलेलं आहे. जगातल्या समुद्राचं सरासरी तापमान चार अंशांच्या आतच आहे, गरम पाणी म्हणजे नुसता वरचा पातळ थर.

हे थंड पाणी बुडतं फार थोड्या जागी. ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधला समुद्र, लॅब्राडोर समुद्र, आणि अंटार्क्टिकाजवळ वेडेल आणि रॉस समुद्र. तिथे हिवाळ्यात वारा पाण्यातली उष्णता ओढून घेतो, आणि जिथे बर्फ धरतो तिथे मीठ बर्फात न जाता बरंचसं खालच्या पाण्यात राहतं, त्यामुळे पाणी अजून जड होतं. इथे एक बारकावा आहे तो सहसा सांगत नाहीत. गरम पाण्यात तापमान एक अंशाने बदललं तर घनता बऱ्यापैकी बदलते, पण शून्य अंशाच्या जवळ तोच एक अंश फारसा काही करत नाही, तिथे मीठच निर्णय घेतं. म्हणून उत्तर पॅसिफिक कितीही थंड झाला तरी त्याचं पाणी तळापर्यंत बुडत नाही, कारण तिथलं वरचं पाणी कमी खारट आहे, किलोमागे ३३ ग्रॅमच्या आसपास मीठ, आणि उत्तर अटलांटिकमध्ये ३५ च्या आसपास. फरक दोन ग्रॅमचा, पण त्यावर ठरतं की जगातला कुठला महासागर बुडणार आणि कुठला नाही.

इथवर वाचून असं वाटेल की ठीक आहे, ध्रुवावर पाणी बुडतं, विषुववृत्तावर तापून वर येतं, चक्र पूर्ण झालं. मीसुद्धा कॉलेजात हेच शिकलो, अजूनही हेच शिकवतात. अडचण इथे आहे. पातेल्यात पाणी खालून तापवलं तर ते उकळत्या पाण्यासारखं वर-खाली फिरतं, कारण हलकं झालेलं पाणी तळाशी असतं आणि त्याला वर यायचं असतं. समुद्र तापतो वरून. सूर्यप्रकाश शे-दोनशे मीटरच्या खाली जवळपास पोचतच नाही. वरून तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, आणि खालचं थंड जड पाणी खाली पडून राहतं, त्याला वर यायचं काहीच कारण नसतं. स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने १९०८ मध्येच प्रयोग करून सांगितलं होतं की उष्णता देणारी जागा थंड करणाऱ्या जागेच्या खाली असेल तरच जोरदार चक्र चालतं. समुद्रात दोन्ही जागा वरच्या पृष्ठभागावरच आहेत. म्हणजे नुसत्या थंडीने समुद्र चालवायचा म्हटला तर खोल समुद्र हळूहळू थंड पाण्याने काठोकाठ भरेल आणि मग नवीन पाण्याला बुडायला जागाच उरणार नाही. चक्र जवळपास थांबेल.

म्हणून खरा प्रश्न पाणी बुडतं कसं हा नाहीच, ते परत वर येतं कसं हा आहे. खालच्या जड पाण्याला वर आणायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करावं लागतं. हे काम कोण करतं?

वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पॅसिफिकच्या खोल पाण्याचे आकडे घेऊन हिशेब केला की वरची उष्णता खाली झिरपायला, म्हणजे थर एकमेकांत मिसळायला, किती मिक्सिंग लागेल. मग लोक मोजायला गेले. १९९२ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा निष्क्रिय पदार्थ सोडला आणि तो वर-खाली किती पसरतो ते कित्येक महिने मागोवा घेऊन मोजलं. पसरला मंकच्या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याने. मोठाच पेच पडला, बाकीचं मिक्सिंग गेलं कुठे? १९९७ च्या सुमारास ब्राझीलच्या समोरच्या खोल समुद्रात मोजमापं झाली तेव्हा कळलं की सपाट तळावर मिक्सिंग अगदी नगण्य आहे, पण मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत तळावर ते कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि तळाकडे जावं तसं वाढत जातं.

तिथे होतं असं की भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा त्या पाण्याखालच्या डोंगरांवरून इकडून तिकडे सरकतं आणि थरांच्या आतल्या आत लाटा उठतात, वरून दिसतही नाहीत पण आत त्यांची उंची शंभर मीटरवर जाऊ शकते. त्या फुटल्या की पाणी घुसळलं जातं. ही ऊर्जा चंद्राच्या ओढीमुळे समुद्रात येते, हिशेबात ती पृथ्वीच्या फिरण्यातून वजा होते, म्हणून पृथ्वीचं फिरणं किंचित मंदावतं आणि चंद्र लांब जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून मोजलंय की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातोय, आणि त्यावरून भरतीमुळे एकूण किती ऊर्जा खर्च होते ते निघतं, साडेतीन टेरावॉटच्या थोडं वर (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट). त्यातली बरीचशी उथळ किनाऱ्यांवर घासून संपते पण सुमारे एक टेरावॉट खोल समुद्रात जाते. मंक आणि कार्ल वुंश यांनी १९९८ मध्ये दाखवलं की खोल समुद्र ढवळायला साधारण दोन टेरावॉट लागतील, अर्धे भरतीकडून आणि बाकीचे वाऱ्याकडून. आकड्यांवर अजून वाद आहेत, असायलाच हवेत, पण ताकद बाहेरून यांत्रिक मार्गाने यावी लागते हा मुद्दा आता कोणी सहसा खोडत नाही.

आणि वाऱ्याचा दुसरा रस्ता दक्षिण महासागरात आहे, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या ड्रेक सामुद्रधुनीच्या अक्षांशांवर पृथ्वीभोवती कुठेही जमीन आडवी येत नाही. तिथे प्रचंड पश्चिमी वारे वाहतात, आणि एकमनच्या नियमाने वरचं पाणी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, ढकललं जातं. त्याची भरपाई करायला दक्षिणेकडे पाणी यायला हवं, पण तशा प्रवाहाला टेकायला एखादी भिंत लागते जिच्यामुळे पूर्व-पश्चिम दाबाचा फरक तयार होईल, आणि भिंत तर नाहीच. त्यामुळे भरपाईचं पाणी येतं पार खालून, समुद्रतळावरच्या डोंगरांइतक्या खोलीवरून. उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेलं पाणी पुन्हा उजेड बघतं ते बरंचसं इथे, वाऱ्याने ओढून वर काढल्यामुळे. म्हणजे ज्याला लोक थंडीचं चक्र समजतात त्याची परतीची बाजू वाराच ओढतोय. सगळ्या महासागरांतून फिरणारा तो एकच कन्व्हेयर बेल्टचा पट्टा चित्रात दाखवतात ना, ते चित्र मला म्हणूनच आवडत नाही, त्यात बेल्टला मोटर कुठे जोडलीय तेच दिसत नाही.

आता गल्फ स्ट्रीमचं. तो मुख्यतः वाऱ्याचा प्रवाह आहे. अटलांटिकवर व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे आहेत आणि पृथ्वी फिरतेय तोवर तो बंद पडणार नाही, बर्फ कितीही वितळो. बातम्यांत गल्फ स्ट्रीम बंद पडणार असं जे छापतात ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करून. ज्याची काळजी वाटायला हवी ती गोष्ट म्हणजे अटलांटिकचं वर-खाली फिरणारं चक्र, वरून गरम पाणी उत्तरेकडे आणि खालून थंड पाणी दक्षिणेकडे. खालचा तो प्रवाह स्टॉमेलने आधी कागदावर मांडला होता आणि १९५७ मध्ये स्वॅलो आणि वर्थिंग्टन यांनी गल्फ स्ट्रीमच्या खाली तरंगते फ्लोट सोडून तो दक्षिणेकडे जाताना प्रत्यक्ष पकडला. २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर फ्लोरिडापासून आफ्रिकेपर्यंत यंत्रं लावून हे चक्र सतत मोजलं जातंय, सरासरी १७ स्वेर्ड्रुपच्या आसपास. आकडा गल्फ स्ट्रीमच्या मानाने लहान दिसतो, पण या चक्रात वरच्या आणि खालच्या पाण्याच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक असतो त्यामुळे उष्णता प्रचंड वाहून नेली जाते.

वर मिठाबद्दल लिहिलं ते इथे उपयोगी पडतं. ग्रीनलंडचं गोडं पाणी लॅब्राडोर समुद्रावर पसरलं की वरचं पाणी हलकं होतं आणि हिवाळ्यात कितीही थंड झालं तरी नीट बुडत नाही. बुडणं कमी झालं की दक्षिणेकडून येणारं खारट पाणीही कमी येतं, म्हणजे मीठ अजून कमी, म्हणजे बुडणं अजून कमी. स्टॉमेलने १९६१ मध्येच दोन टाक्यांच्या साध्या गणिताने दाखवलं होतं की अशा व्यवस्थेला दोन स्थिर अवस्था असू शकतात, आणि एकीतून दुसरीत गेली की सहज परत येत नाही. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१ च्या अहवालाप्रमाणे या शतकात हे चक्र कमकुवत होणं अतिशय संभाव्य मानलं जातंय, २१०० च्या आत एकदम कोसळणार नाही असं त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलंय. मध्यम खात्री म्हणजे निर्धास्त राहावं असं नाही. चक्र मंदावलं तर उत्तर युरोप गारठेल, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राची पातळी वाढेल, आणि उष्णकटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल. आत्ताची सलग मोजमापं जेमतेम दोन दशकांची आहेत आणि हे चक्र स्वतःहूनच काही वर्षांत बरंच खाली-वर होतं, त्यामुळे घसरण किती आणि नेहमीचा चढउतार किती हे वेगळं काढायला ती यंत्रं अजून पुष्कळ वर्षं पाण्यात राहायला हवीत. कुठल्याही देशात अशा मोजमापांचा निधी कापायची वेळ आली की मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो यासाठी, कारण मधली हरवलेली वर्षं नंतर कितीही पैसे ओतले तरी मोजता येत नाहीत.